शब्दचर्चा: जाळपोळ, आगळीक, घरफोडी

प्रश्न: घर पेटवून दिल्याच्या खटल्याचं दोषारोपपत्र वाचत होते. त्यात 'जाळपोळ' कुठेच नाही, 'आगीद्वारे आगळीक' असं आहे. मला आगळीक माहीत ती सीमेवरच्या कुरापतीची. घर जाळण्याला इतका सौम्य शब्द?

— ताई, दंडसंहितेच्या मराठी पाठात 'मिस्चिफ'साठी हाच शब्द आहे. त्याचा आगीशी संबंध नाही. 'आगळा' म्हणजे जास्तीचा, आगळीक म्हणजे मर्यादा ओलांडणं. कुणाचं गैर नुकसान व्हावं म्हणून, किंवा होणार हे जाणून, मालमत्तेची नासधूस करणं ही आगळीक. दुसऱ्याच्या उभ्या पिकात गुरं सोडली तरी आगळीकच. वस्तू स्वतःची असूनही ती घडते: विमावाल्यांचं नुकसान करायला विमा उतरवलेलं जहाज मुद्दाम बुडवणं, हे उदाहरण संहितेतच दिलं आहे.

शिक्षा मात्र सौम्य नाही. राहतं घर, प्रार्थनास्थळ किंवा माल ठेवायची इमारत नष्ट करायला आग लावली, तर जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत कैद, शिवाय दंड. जुनं कलम ४३६. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं ३२६. इमारत एरवी कशासाठी वापरतात ते पाहायचं, त्या रात्री आत कुणी होतं की नाही ते नव्हे. कडब्याची गंजी पेटवली तर सात वर्षांपर्यंत.

— 'जाळपोळ' मला जमावाच्या कृत्याला योग्य वाटतो. गांधीहत्येनंतर १९४८ साली पश्चिम महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरं जाळली गेली. जुनी माणसं त्याला नुसतं 'अठ्ठेचाळीसची जाळपोळ' म्हणतात. १९७८ मध्ये नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्यात दलितांच्या वस्त्या पेटवल्या, तीही जाळपोळच. १९८९ च्या ॲट्रॉसिटी कायद्यातही आगीने केलेली आगळीक आहे. अनुसूचित जाती-जमातीबाहेरच्या माणसाने त्या समाजातल्या कुणाचं राहतं घर नष्ट करायला आग लावली, तर तिथे दहा वर्षांचा पर्याय नाही, थेट जन्मठेप.

म्हणूनच 'वस्तीला आग लागली' ही बातमी मला खटकते. लागली की लावली? निष्काळजीपणाने 'लागलेल्या' आगीला न्याय संहितेच्या कलम २८७ खाली जास्तीत जास्त सहा महिने आहेत. तपासात लावल्याचं निघालं असेल, तर बातमीदाराने 'लावली' असंच लिहावं.

— आणि घरफोडी? भिंत फोडावी लागते का? पेटवण्याआधी आरोपी कुलूप काढून आत शिरला होता.

— भिंत फुटायला नको, ताई. गुन्हा करायच्या इराद्याने कुलूप उघडून किंवा भिंतीवर चढून आत शिरणं पुरेसं आहे. चोरी झालीच पाहिजे असंही नाही. सूर्यास्तानंतर, सूर्योदयाआधी शिरला असेल तर ती 'रात्रीची घरफोडी', तिला शिक्षा जास्त. तुमच्या आरोपपत्रात हे कलम वेगळं लावलंय का ते बघा.