ईसीजीच्या तारा पाहून रुग्ण घाबरला: छळ सोसलेल्या माणसाची शुश्रूषा कशी करावी?

प्रश्न (अधिपरिचारिका, नागपूर)
कोठडीतून सुटलेला एक रुग्ण तळपाय दुखतात म्हणून आमच्या वॉर्डात दाखल झाला. मी ईसीजीसाठी छातीला तारा लावू लागताच तो पलंगावरून उठून भिंतीला टेकला आणि बराच वेळ बोललाच नाही. त्याला विजेचे झटके दिले होते, असे त्याच्या आईने नंतर सांगितले. तेव्हापासून माझ्या मनाला बोच लागली आहे. अशा रुग्णाशी कसे वागावे, आणि तो सांगेल त्यातले कितपत लिहावे?

उत्तर (निवृत्त मेट्रन, नागपूर)
ताई, बोच लागली हे तुमच्या कामाला शोभणारेच आहे. दंडाला आवळणारा बीपीचा पट्टा, एक्स-रेची अंधारी खोली, खाकी गणवेश, कुलपाचा आवाज, यांपैकी कशानेही ती आठवण जागी होऊ शकते. म्हणून वस्तू आधी त्याच्या हातात द्यावी, हे यंत्र शरीरात वीज सोडत नाही हे समजावून सांगावे, आणि तो ‘थांबा’ म्हणाला की खरोखर थांबावे. छळात स्वतःच्या शरीरावरचा हक्कच हिरावला जातो. तो परत मिळण्याची सुरुवात अशा थांबण्यातून होते. तळपायांवर मारल्याची सूज काही दिवसांत उतरते, पण चालतानाची वेदना वर्षानुवर्षे राहू शकते, त्यामुळे ‘नाटक करतो’ असे वॉर्डात कोणालाही म्हणू देऊ नका. रात्री तीनला दचकून उठलेल्या रुग्णापाशी पहिली पोहोचते ती सिस्टरच.

उत्तर (वकील, नागपूर खंडपीठ)
भारताने छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर १९९७ मध्ये सही केली, परंतु त्याला अनुसमर्थन (करार बंधनकारक मानण्याची औपचारिक मान्यता) दिलेले नाही आणि छळाविरुद्ध स्वतंत्र कायदाही केलेला नाही. त्यामुळे रुग्णालयातील नोंदीला फार मोल आहे. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये अटकेतील व्यक्तीची दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी बंधनकारक केली. रुग्णाचे म्हणणे त्याच्याच शब्दांत, ‘रुग्ण सांगतो की’ असे म्हणून वेळेसह लिहा. जखमेची जागा, आकार आणि रंग टिपा, पण निष्कर्ष काढू नका. डॉक्टरांना लगेच कळवा, म्हणजे एमएलसीचा (पोलिसांना कळवायच्या वैद्यकीय-कायदेशीर प्रकरणाच्या नोंदीचा) निर्णय त्यांना वेळेत घेता येईल. छळाची तपासणी आणि नोंद कशी करावी हे सांगणारा संयुक्त राष्ट्रांचा इस्तंबूल प्रोटोकॉल (१९९९, सुधारित २०२२) जरूर वाचा. खुणा नसणे म्हणजे छळ झाला नाही असे नव्हे, हे त्यात स्पष्ट केले आहे.

प्रश्नकर्ती
काल इलेक्ट्रोड आधी त्याच्या हातात दिले. त्याने ते उलटसुलट करून पाहिले आणि ‘उद्या’ म्हणाला, तेव्हा डॉक्टरांना विचारून ईसीजी आजच्या दिवसावर ढकलला. दाखल झाल्या दिवशीची तळपायांची नोंद अपुरी होती. ती जुन्या पानात न घुसवता कालच्याच तारखेने आणि वेळेने स्वतंत्र लिहिली आहे.