ट्रायलला लायसन्स कसं लावू? वाशी मार्केटसाठी बिलिंग सॉफ्टवेअर, बजेट वर्षाला १५ हजार

तुर्भेकर: डॉट नेटमधलं बिलिंग-स्टॉकचं सॉफ्टवेअर आहे. गिऱ्हाईक मसाला आणि दाणा मार्केटमधले व्यापारी. ३० दिवसांची ट्रायल द्यायचीये. बऱ्याच गाळ्यांत नेट धड नसतं.

वागळे_इस्टेट: डोंगल घ्या, यूएसबीला लावायची लायसन्सची किल्ली. आमच्याकडे तेच आहे, सहज कॉपी होत नाही. १५ हजारांत बसणार नाही, पण वसूल होतं.

रबाळेकर: ट्रायलला डोंगल नको, न घेणाऱ्यालाही नग द्यावा लागतो. सही केलेली लायसन्स फाइल द्या. ईडी २५५१९ (डिजिटल सहीची पद्धत) ची की-जोडी बनवा. खासगी की तुमच्याकडेच, ३२ बाइटची सार्वजनिक की प्रोग्राममध्ये. फाइलमध्ये फर्मचं नाव, मुदत, मशीन कोड (त्या पीसीची ओळख). सही ६४ बाइटची, व्हॉट्सॲपवर मजकूर म्हणूनही जाते. यावर कीजेन (खोटी लायसन्स बनवणारा प्रोग्राम) बनत नाही. एक्झी, म्हणजे प्रोग्रामची फाइलच, पॅच करून तपासणी काढणारा करेलच, त्याच्यामागे लागू नका.

ऐरोली_नोड: मशीन कोड मॅक ॲड्रेसवर (नेटवर्क कार्डचा नंबर) बांधू नका, यूएसबी वायफाय बदललं की तोही बदलतो. मशीनगुइड (विंडोजने ठेवलेला ओळख नंबर), मदरबोर्ड सिरियल, डिस्क सिरियल, तीनपैकी दोन जुळले की चालू द्या. असेंबल्ड पीसीवर सिरियलच्या जागी ‘टू बी फिल्ड बाय ओईएम’ येतं, ते धरू नका.

कोपरखैरणे_१९: ऑनलाइन ॲक्टिव्हेशन करा. नेट आता सगळीकडे आहे.

वागळे_इस्टेट: म्हणून म्हणतो, डोंगल.

माजिवडा: घड्याळाचं काय? तारीख मागे नेली की ट्रायल परत सुरू. डेटाबेसमधल्या शेवटच्या बिलाच्या तारखेशी ताडून बघा. पण थेट लॉक नको, सीमॉसचा (मदरबोर्डवरचा) सेल संपला की घड्याळ आपोआप मागे जातं. तारीख दुरुस्त करायला सांगा, जुनी बिलं बघणं-छापणं चालू ठेवा.

रबाळेकर: आणि जड पॅकर (एक्झी गुंडाळून लपवणारं टूल) टाळा, अँटिव्हायरस एक्झी उडवतं. त्यापेक्षा कोड साइनिंगवर, म्हणजे प्रोग्रामवर तुमची डिजिटल सही करण्यावर, खर्च करा. जून २०२३ पासून त्याची की टोकनसारख्या सुरक्षित हार्डवेअरवरच ठेवावी लागते, ते धरून हिशोब करा.

तुर्भेकर: आभार. मशीन कोड आणि तारीख दोन्ही काढून टाकतोय. पहिली २०० बिलं फुकट. पुढे सही केलेली फाइल, त्यात फर्मचं नाव आणि जीएसटी नंबर, आणि बिलावर तेच छापणार. दुसऱ्याची फाइल घेणाऱ्याच्या बिलावर दुसऱ्याचाच नंबर येईल.

ऐरोली_नोड: कांदा-बटाट्यावाल्यांचं काय? ताज्या मालावर जीएसटी नाही, नंबर नसतो.

तुर्भेकर: त्यांना फर्मचं नाव आणि गाळा नंबर.

वागळे_इस्टेट: परत इन्स्टॉल केलं की २०० पुन्हा मोकळी.

तुर्भेकर: मोजणी डेटाबेसमधल्या बिलांचीच आहे. डेटाबेस पुसला तर बिलांबरोबर उधारीचं खातंही जाईल. व्यापारी ते पुसणार नाही.