५ गुंठ्यांवरून अख्ख्या महसूल मंडळाचा निकाल?

बांधावरचा:
२०२५च्या खरिपापासून एक रुपयातला पीक विमा गेला आणि भरपाई पीक कापणी प्रयोगातून, म्हणजे निवडलेल्या शेतातला तुकडा कापून, वजन करून निघणाऱ्या उत्पादनावर आली. सोयाबीनचा एक प्रयोग म्हणजे १० बाय ५ मीटरचा चौकोन. महसूल मंडळात, म्हणजे गावांच्या एका गटात, असे १० प्रयोग धरले तरी जेमतेम ५ गुंठे होतात. तेवढ्यावर एवढ्या गावांचा हिशेब?

टिपणवही:
शितावरून भाताची परीक्षा करताना पातेलं केवढं आहे हे कुणी विचारतं का? मंडळात सोयाबीन हजार एकर की दहा हजार, यानं फारसा फरक पडत नाही. प्रयोग किती आणि शेतं कशी निवडली, यानं पडतो.

बांधावरचा:
भात ढवळलेला असतो हो. मंडळ कोण ढवळतं?

टिपणवही:
चिठ्ठ्या ढवळतात! गट नंबर यादृच्छिक आकड्यांनी काढायचा, मग शेताच्या नैऋत्य कोपऱ्यातून पावलं मोजत चौकोनाची जागाही तशीच. मर्जीला वावच नाही.

कडूलिंब:
कागदावर. गेल्या वर्षी आमच्याकडे यादीतलं शेत ओढ्यापलीकडे निघालं, गाडी जाईना. मग रस्त्याकडेचं, विहिरीखालचं कापलं. चौकोन आखायची दोरी मीच धरली होती. दोरीवर आलेली झाडं आत की बाहेर यावर घोळ झाला, शेवटी "घ्या आत".

टिपणवही:
हे दुखणं जुनं आहे. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे १९४०च्या दशकात यावरच दुसरे संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांच्याशी भांडले. चौकोन लहान तेवढी क्षेत्राच्या मानानं कड जास्त, कडेची झाडं आत ओढली जातात आणि उत्पादन फुगतं, हे त्यांनी दाखवलं. आपला चौकोन हेक्टरचा २००वा भाग. वजनात पाव किलो चुकलं की हेक्टरी ५० किलोंचा फरक. पण हा दोष नमुना पद्धतीचा नाही, ती मोडणाऱ्यांचा.

बांधावरचा:
बरं, सगळं नियमानं झालं समजा. माळावर शेंगा टच्च भरल्या, नदीकाठी आमचं रान आठ दिवस पाण्यात. मंडळाची सरासरी उंबरठा उत्पादनाच्या, म्हणजे ज्याच्या खाली गेलं तरच भरपाई मिळते त्या आकड्याच्या, वर गेली की आम्हाला शून्य. सरासरी खरी, आणि मी बुडालेला.

टिपणवही:
इथे तुमचं बरोबर. मंडळाचा नमुना मंडळाबद्दल बोलतो, तुमच्या गटाबद्दल नाही. विम्यासाठी मंडळाऐवजी गाव हेच एकक मागा. मात्र मग दर गावात निदान ४ प्रयोग लागतील.

कडूलिंब:
आणि कापायला कोण? आमच्या सहायक कृषी अधिकाऱ्याकडे आत्ताच पाच गावं आहेत. म्हणजे परत रस्त्याकडेचंच शेत.