धनुर्वाताची टीटी सोडून बाकीच्या लसींचं काय?

'लसी लहान मुलांच्या, पन्नाशीतल्या माणसाला काय करायच्यात?' असं एकाने विचारलंय. आमच्या दिंडोरी-पिंपळगावकडे द्राक्षाच्या गोडी छाटणीत कात्री बोटाला लागली की माणूस लगेच 'टीटी' मारून येतो, मागच्या वर्षी घेतलं असलं तरी. आणि नाशिकरोडला ऑफिसात बसणाऱ्याने शाळेनंतर एकही घेतलेलं नसतं! मूळ डोस पूर्ण असतील तर दर १० वर्षांनी एक बूस्टर पुरतो. जखम खोल किंवा माती-शेणाची असेल आणि शेवटच्या डोसला ५ वर्षं उलटली असतील, तर परत घ्यायचा. सरकारी लसीकरणात आता टीटीऐवजी टीडी देतात, त्यात घटसर्पही येतो. तारीख मोबाईलमध्ये लिहून ठेवा. डॉक्टरांनी 'शेवटचं कधी घेतलं?' विचारलं की सगळ्यांचं उत्तर एकच, 'घेतलं होतं बहुतेक'.

फ्लूची लस मात्र दरवर्षी, कारण विषाणू रूप बदलतो. आपल्याकडे पावसाळ्यात फ्लू वाढतो, म्हणून एप्रिल-मेमध्ये घेतलेली बरी. परिणाम दिसायला दोनेक आठवडे जातात. घरात शुगर, दमा किंवा पासष्टीपुढचं कुणी असेल तर न्यूमोनियाच्या लसीचंही डॉक्टरांना विचारा.

पन्नाशीनंतर नागिणीची लस आहे, दोन डोस, आणि चांगलीच महाग. नागिणीचं तोंड-शेपूट जुळलं की माणूस संपला, ही भीती खोटी. पण पुरळ गेल्यावरही महिनोन्महिने राहणारी आग खरी. ज्याने ती भोगलीय तो किमतीवर घासाघीस करणार नाही.