हिंजवडीत नोकरी लागली म्हणजे हिंजवडीतच राहायचं का?

औंधकर

माझी भाची पुढच्या महिन्यात नांदेडहून पुण्याला येतेय. हिंजवडी आयटी पार्कच्या फेज ३ मध्ये नोकरी, सोबत नवरा आणि चार वर्षांचा मुलगा. नवऱ्याची नोकरी अजून ठरायची आहे. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सगळ्यांचं एकमत झालंय की तिथेच लागून असलेल्या माण नाहीतर मारुंजीत टू बीएचके बघायचा आणि मोकळं व्हायचं. माझा याला ठाम विरोध आहे.

पुण्यात आयटीची नोकरी एका जागी टिकत नाही. आज हिंजवडी, दोन वर्षांनी खराडी किंवा मगरपट्टा, म्हणजे शहराचं एक टोक सोडून थेट दुसरं. भाड्याचा करार ११ महिन्यांचा, घर बदलता येतं. मुलाची शाळा अशी दरवर्षी बदलायची का? आणि जावईबापूंना चाकणच्या एमआयडीसीत काम मिळालं तर?

दुसरं म्हणजे हिंजवडी, माण, मारुंजी हा पट्टा ग्रामपंचायतींच्या भरवशावर वाढला. वीस-वीस मजली टॉवर आणि समोरचा रस्ता गाव होतं तेव्हाचा. २०२५ च्या पावसाळ्यात आयटी पार्कातले रस्ते पाण्याखाली गेले, तेव्हा 'आम्हाला महापालिकेत घ्या' म्हणून तिथले रहिवासीच मागणी करत होते.

माझ्या मते रहाटणी, पिंपळे सौदागर, आणि परवडलं तर औंध. शाळा, डॉक्टर, भाजी, बस सगळं हाताशी. ऑफिसला तास लागला तर लागला.

माणवासी

पूर्ण असहमत. 'तास लागला तर लागला' हे तो तास ज्याला रोज द्यायचा नाही त्यानेच म्हणावं.

पावसाळ्यात सकाळी नऊला भूमकर चौकात उभं राहून बघा. डांगे चौकाकडून आलेली रांग हायवेखालच्या अंडरपासमध्ये शिरते, तिथेच सर्व्हिस रोडवरून येणारे तिरके घुसतात, मधे एखादा सिमेंटचा मिक्सर अडकलेला, आणि शेजारच्या कंपनीच्या बसमध्ये बायका डबा उघडून नाश्ता उरकताहेत. पूर्वी मी पिंपळे सौदागरहून हेच करायचे. घरी पोचेपर्यंत मुलगी झोपलेली असायची. माणला आल्यापासून संध्याकाळी तिला खाली खेळायला मी स्वतः नेते.

आणि एक गोष्ट तुमच्या ग्रुपवर कोणीच सांगितली नसेल. २०१७ पासून कायद्याप्रमाणे ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करायची असते, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता येतं. भाचीला रुजू व्हायच्या आधीच एचआरला विचारायला सांगा, कितव्या वर्षापर्यंतची मुलं घेतात तेही. ही सोय ऑफिसजवळ असते, औंधात नाही. नांदेडहून आलेल्या जोडप्याला इथे आजी नाही, आत्या नाही. मूल तापलं आणि फोन आला तर दहा मिनिटांत पोचणारी आई हवी की अंडरपासमध्ये अडकलेली?

औंधकर

पाळणाघराचा मुद्दा बिनतोड आहे, भाचीला आजच कळवतो. पण तुम्ही तिच्या आजच्या ऑफिसचा हिशेब मांडताय, मी पुढच्या पाच वर्षांचा.

माणवासी

पाच वर्षांनी मूल नऊ वर्षांचं असेल. आईची जास्त गरज त्याला आत्ता आहे.

सेक्रेटरी वाकड

दोघांचं भांडण ऑफिसच्या अंतरावर चाललंय, पाण्याबद्दल कोणी बोलेना. आमच्या सोसायटीचा कारभार मी बरीच वर्षं बघतोय, म्हणून सविस्तर लिहितो.

औंधकर, महापालिकेची हद्द म्हणजे पाणी, असं समजू नका. पिंपरी-चिंचवडला पवना धरणाचं पाणी आहे, आणि नोव्हेंबर २०१९ पासून इथे दिवसाआड पाणीपुरवठा सुरू आहे. तुमचं पिंपळे सौदागर आणि रहाटणी त्यातच आलं. बाणेर-बालेवाडी १९९७ साली पुणे महापालिकेत गेलं, तिथल्या सोसायट्याही उन्हाळ्यात टँकरच्या रांगा लावतात. वाघोली २०२१ ला महापालिकेत घेतली, तिथली रड वेगळी नाही. प्रश्न उपनगराचा कमी आणि सोसायटीचा जास्त आहे. एकाच रस्त्यावर डावीकडची इमारत सुखात असते आणि उजवीकडची टँकरवर.

ते ओळखायचं कसं? एजंट सांगणार, 'चोवीस तास पाणी आहे साहेब.' त्याच्या दृष्टीने ते खरंच आहे, नळाला पाणी येतंच. ते कुठून येतं हे तो बोलत नाही. गेटवर वॉचमनकडे आवक-जावक वही असते. टँकर आला की गाडीचा नंबर, वेळ आणि सही त्यात पडते. वॉचमनशी दोन शब्द बोला, चहा पाजा, आणि एप्रिल-मेची पानं बघू द्या म्हणा. दिवसाला किती टँकर पडले ते पाच मिनिटांत समजतं. वही दाखवली नाही तर जमिनीखालच्या टाकीचं झाकण कुठे आहे ते बघा. झाकणाजवळचे पेव्हर ब्लॉक खचलेले आणि भोवती चिखल असेल तर तिथे रोज गाडी उभी राहते, हे मी लिहून देतो. लिफ्टमधली नोटीसही वाचा, पाण्याच्या वेळा तिथेच चिकटवलेल्या असतात.

मग मालकाशी दोन गोष्टी लेखी ठरवा. मेंटेनन्स कोण भरणार, आणि टँकरचा खर्च त्यात धरलाय की वेगळा येणार. आमच्याकडे भाडेकरूंची सगळ्यात जास्त भांडणं याच दोन ओळींवरून होतात. करार नोंदवून घ्या, तोंडी ठेवू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे, तुम्हाला 'काय गरज आहे' म्हणून कोणी गप्प करू नये. लॉक-इन, म्हणजे ज्याआधी घर सोडता येत नाही तो काळ, किती महिन्यांचा आहे तेही नीट वाचा. नोकरी बदलली तर डिपॉझिट तिथेच अडकतं.

रामवाडीचा रोजचा प्रवासी

सेक्रेटरीसाहेबांना +१. पण मला धागाकर्त्याचा मूळ मुद्दाच अर्धवट वाटतो. नवरा-बायको दोघं नोकरी करणार असतील तर उपनगर निवडायचं नसतं, मार्गिका निवडायची असते.

आमच्या घरी मी कल्याणीनगरला आणि बायको डेक्कनला. आम्ही आयडियल कॉलनीच्या मागे घर घेतलं, कारण वनाझ ते रामवाडी मेट्रो दोघांच्याही वाटेवर आहे. गाडी आता फक्त रविवारी निघते. भाचीने माण ते शिवाजीनगर ही मेट्रोची तिसरी मार्गिका डोळ्यासमोर ठेवावी. ती वाकड, बालेवाडी, बाणेर, विद्यापीठ चौक अशी येते. तिच्या स्टेशनपासून चालत जाता येईल असं घर घेतलं तर उद्या नवऱ्याला शिवाजीनगरच्या बाजूला काम मिळो नाहीतर थेट रामवाडीला, जिल्हा न्यायालयाला मार्गिका बदलली की झालं.

खराडी बायपास

रामवाडीपर्यंत येऊन पुढे काय? खराडीच्या ईऑन आयटी पार्कला पोचायला रिक्षा किंवा बस आहेच, आणि चंदननगरचा तेवढा तुकडाच सगळा वेळ खातो. रामवाडी ते वाघोलीच्या विस्ताराला जून २०२५ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली हे मलाही ठाऊक आहे. मंजुरी निघाली म्हणून उद्या सकाळी गाडी सुटत नाही. आज जे धावतंय तेवढंच धरून घर घ्या.

धायरीची मीनल

भाडं कमी म्हणून कोणी सिंहगड रोड सुचवेल, तर हिंजवडीच्या नोकरीसाठी अजिबात नको. मी इथलीच आहे, माझा या भागावर जीव आहे, पण जुलै २०२४ मध्ये एकतानगरीत घरांत पाणी शिरलं, जानेवारी २०२५ मध्ये इथलंच नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण सापडले. लहान मूल असेल तर पिण्याचं पाणी विहिरीचं की नळाचं, हे विचारल्याशिवाय कुठेच राहू नये. सेक्रेटरींनी टँकर किती ते सांगितलं. टँकर भरतो कुठे, हेही विचारा.

बावधनचे आजोबा

भाचीला म्हणावं, नवऱ्याची नोकरी ठरेपर्यंत घाई करू नको. एखादं सामानासकट घर दोन-तीन महिन्यांसाठी घ्या. पैसे थोडे जास्त जातील.

माणवासी

आजोबा, आणि त्या तीन महिन्यांत मुलाची शाळा? जूनचे प्रवेश आधीच्या हिवाळ्यातच सुरू होतात. मुलाला आधी एका जागी बसवणं गरजेचं आहे. कमावणारी आज भाची एकटी आहे, मग तिचं ऑफिस मध्यभागी धरायला एवढी अडचण का? नवऱ्याची नोकरी अजून लागलेली नाही, तरी चाकण आणि खराडीचे हिशेब सुरू झाले. उलट असतं, नोकरी जावईबापूंची असती, तर ग्रुपवर कोणी विचारलं असतं का की बायकोला चाकणला काम मिळालं तर काय?

औंधकर

हा प्रश्न माझ्या बहिणीनेही काल असाच विचारला. विचारलं नसतं, हे खरं आहे.

तरीही रस्ते आणि पाण्याबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. येत्या आठवड्यात भाची घरं बघायला येतेय. रहाटणीत दोन आणि वाकडला एक ठरवलंय. माणवासी, तुमच्या सोसायटीत भाड्याने काही असेल तर तेही बघू. रविवारी नको, सोमवारी सकाळी आठला रहाटणीहून निघतो, म्हणजे रस्त्याचं काय ते तिलाच कळेल. टँकरची वही दाखवाल का?

माणवासी

दाखवते. मे महिन्याची पानंसुद्धा दाखवते, लपवण्यासारखं काही नाही. टँकर येतात, रोज येतात, आणि तरी मी इथेच राहते. सातव्या मजल्यावरचा एक फ्लॅट रिकामा होतोय, मालकांशी बोलून ठेवते. येताना मुलाला घेऊन या. खाली पाळणाघर आहे, त्या ताईंशी भाचीने स्वतः बोलावं.