गॅडोलिनियम पुरे, एमआरआयला लोहाचे नॅनोकण आणा: पटतं का?

कणाद (धागाकर्ता):
एमआरआयआधी शिरेतून देतात ते कॉन्ट्रास्ट, म्हणजे प्रतिमेत फरक उठून दिसावा म्हणून द्यायचं औषध, बहुतेक वेळा गॅडोलिनियम या धातूचं असतं. मूत्रपिंडं निकामी झालेल्यांची कातडी लाकडासारखी कडक करणारा एनएसएफ हा आजार २००६ मध्ये त्याच्याशी जोडला गेला. २०१४ मध्ये वारंवार इंजेक्शन घेतलेल्यांच्या मेंदूच्या स्कॅनवर खुणा दिसल्या, पुढे ऊतींच्या तपासणीत हा धातूच सापडला. आयर्न ऑक्साइडचे कण मात्र शरीर फोडतं आणि त्यातलं लोह स्वतःच्या साठ्यात जमा करतं. मग आपण अजून गॅडोलिनियमलाच का चिकटून आहोत?

निळाई:
सपशेल असहमत. औषधात गॅडोलिनियम एका रेणूत धरून ठेवलेलं असतं. एनएसएफचा दोष मुख्यतः लिनिअर, म्हणजे उघड्या साखळीच्या रेणूंचा, ते धातू सैल धरतात. मॅक्रोसायक्लिक रेणू त्याला कड्यात जखडून ठेवतात. युरोपने २०१७ मध्ये शिरेतून द्यायची बरीच लिनिअर औषधं थांबवली. मेंदूतल्या अंशाने अपाय होतो हे सिद्ध झालेलं नाही.
आणि लोहकण वापरून झालेत की! फेरिडेक्स या लोहकणांच्या कॉन्ट्रास्टला अमेरिकेत १९९६ मध्ये मंजुरी मिळाली, मागणीअभावी ते बाजारातून गेलं. कारण हे कण प्रतिमा काळी करतात. जुना रक्तस्राव काळा, कॅल्शियम काळं, हवाही काळी. वाचणाऱ्याने ओळखायचं कशावरून?

कणाद:
यकृतात तो काळेपणाच कामाचा आहे. तिथल्या कुफर पेशी कण गिळतात, निरोगी भाग काळवंडतो. कर्करोगाच्या गाठीत त्या पेशी नसतात, म्हणून गाठ उजळ उरते. शिवाय पाच नॅनोमीटरहून लहान कण उजळ प्रतिमाही देतात.

खडूफळा:
मी एमआरआय विभागात काम करते. फेरुमॉक्सिटॉल हे रक्तक्षयावरचं लोहकणांचं औषध कॉन्ट्रास्ट म्हणूनही वापरलं जातं. त्यावर २०१५ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने जीवघेण्या ॲलर्जीचा ठळक इशारा छापायला लावला. निदान १५ मिनिटं सावकाश द्यायचं, मग अर्धा तास रुग्णावर नजर. त्याचा परिणाम पुढच्या एमआरआयवर तीन महिन्यांपर्यंत दिसू शकतो. मधेच दुसरा स्कॅन लागला तर काय करायचं?

कणाद:
हा आक्षेप खरा आहे, म्हणून सरसकट सगळ्यांना द्या असं मी म्हणणार नाही. पण फेरुमॉक्सिटॉल तासन्‌तास रक्तातच राहतं, त्यामुळे रक्तवाहिन्या निवांत टिपता येतात. डायलिसिसवरच्या रुग्णासाठी हा पर्याय हाताशी हवाच.

निळाई:
डायलिसिसवाल्यांनाही मॅक्रोसायक्लिक देता येतं, धोका अत्यल्प आहे. २०२२ मध्ये मंजूर झालेल्या गॅडोपिक्लेनॉल या मॅक्रोसायक्लिक औषधाला तर निम्मा डोस पुरतो.

कणाद:
निम्मा झाला तरी लघवीवाटे तो सांडपाण्यात जातोच. नद्यांत मानवनिर्मित गॅडोलिनियम १९९६ मध्येच नोंदवलं गेलंय आणि नेहमीच्या सांडपाणी प्रक्रियेत ते फारसं अडत नाही. सुरक्षिततेच्या हिशेबात हेही धरा.