फिल्म स्कूलचा वरखर्च: कुठला खरा, कुठला हौसेचा?

शहापूरची अक्का

नमस्कार. बेळगावात शहापूरला माझं ब्लाऊज आणि फॉल-पिकोचं दुकान आहे. धाकटा भाऊ पुण्यात एका फिल्म स्कूलला दिग्दर्शन शिकतोय. फी आणि हॉस्टेलचं शैक्षणिक कर्ज आहे, ते सुरळीत चाललंय. रडवतोय तो वरखर्च. आप्पांना यातलं काही माहीत नाही. त्यांच्या लेखी फी भरली की संपलं.

गेल्या महिन्यात त्यानं दहा मिनिटांची फिल्म शूट केली. कॅमेरा, लाइट सगळं स्कूलचं. तरी माझ्या वहीत हे आहे: दोन हार्ड डिस्क 14,000. अकरा जणांचं दोन दिवस जेवण-चहा 7,300. टेम्पो 3,000. शूटिंगला एक दिवस घर भाड्यानं 8,000. साड्या-कपडे 4,200. आणि "किरकोळ" म्हणून 2,900. झाले 39,400. साध्या ब्लाऊजची शिलाई मी 350 घेते, म्हणजे 113 ब्लाऊज, अस्तर आणि धागा न धरता.

विचारलं तर म्हणतो, "अक्का, तुला कळायचं नाही, सिनेमा असाच होतो." कळायचं नाही तर पैसे कसे घालू? एकाच सिनेमाला दोन डिस्क कशाला? यातलं गरजेचं किती आणि मित्रांपुढं मिरवायचं किती, एवढंच मला हवंय. "त्याला परत बोलव" हा सल्ला मावशीनं देऊन झालाय.

बूमवाला

अक्का, मी खानापूर तालुक्यातला, असल्याच एका स्कूलमधून साउंड शिकून बाहेर पडलोय. तुमच्या वहीवरूनच बोलतो.

दोन डिस्क: खरा खर्च. कॅमेऱ्याचं कार्ड रिकामं करून दुसऱ्या दिवशी परत वापरतात, त्यामुळं शूटिंगची मूळ प्रत डिस्कवरच राहते. ती एक डिस्क पडली की अकरा जणांचे दोन दिवस गेले. माझी पडलीय, स्कूटरच्या डिकीतून, म्हणून सांगतो. 4K म्हणजे खूप बारीक तपशिलाचं चित्र, त्यात प्रोरेस एचक्यू या भारी दर्जाच्या फॉरमॅटला तासाला 300 जीबीच्या वर जागा लागते, आणि दहा मिनिटांच्या फिल्मला दोन-तीन तासांचं फुटेज सहज होतं. फक्त त्यानं महागातली एसएसडी, म्हणजे आत फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क, घेतली का ते विचारा. प्रती ठेवायला साध्या फिरत्या डिस्क पुरतात. एडिटिंगला फुटेजच्या हलक्या प्रॉक्सी फाइल, म्हणजे कमी जागेच्या नकला, करून घ्यायच्या म्हणजे साधा लॅपटॉपही चालतो. दा विंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती शिकणाऱ्याला भरपूर झाली. फिल्म पूर्ण होऊन जमा झाली की एक डिस्क मोकळी करून पुढच्या फिल्मला वापरायची. दर वेळी नवी जोडी लागत नाही.

जेवण: इथं हात आखडू नका. ती पोरं एकमेकांच्या फिल्मवर फुकट राबतात, जेवण हाच त्यांचा पगार. वडापाववर दिवस काढलेलं युनिट संध्याकाळी चारनंतर काम करत नाही, ते नुसतं उभं असतं.

8,000 चं घर मात्र मला पटलं नाही. स्क्रिप्ट आधी लिहायची आणि मग तसलं घर शोधत हिंडायचं, ही पहिल्या वर्षाची खोड असते. जे घर हाताशी आहे त्यात घडेल असं लिहायचं. पुढची फिल्म बेळगावात, तुमच्याच घरी का करत नाही? जेवण तुमच्या चुलीवर, मुक्काम घरात. मात्र स्क्रिप्टला हात घालण्याआधी त्यानं स्कूलमध्ये विचारावं, की कॅमेरा किती लांब न्यायला देतात आणि विमा कुणाच्या नावावर. माझ्या वेळी शहराबाहेर न्यायला वेगळी सही लागायची. आणि हौस म्हणून भीमगडच्या बाजूला जंगलात शिरू नका. ते अभयारण्य आहे, परवानगीशिवाय कॅमेरा काढला तर दंड वरखर्चाला घालावा लागेल.

निपाणीचे काका

बँकेत कर्ज विभागात होतो, आता घरी असतो. ताई, कर्ज मंजूर करून घेताना खर्चाचा अंदाज दिला असेल, त्यात फी आणि हॉस्टेलच लिहिलं का? शैक्षणिक कर्जात पुस्तकं, साहित्य, कॉम्प्युटर, प्रोजेक्टचा खर्च, अभ्याससहलही धरता येते. त्याला मर्यादा असते, पण लोक मागतच नाहीत. स्कूलच्या लेटरहेडवर वर्षाच्या प्रोजेक्टचा अंदाज घेऊन शाखेत विचारा. बँकेकडून कर्जाचे हप्ते अजून सुटायचे असतील तर बोलायला जागा आहे. सगळे सुटले असतील तर अवघड.

दुसरं, शिकत असताना परतफेडीचा हप्ता नसला तरी व्याज चढत असतं. जमेल तसं तेवढं व्याज भरत गेलात तर बऱ्याच बँका दरात एक टक्का सवलत देतात. मंजुरीच्या पत्रात बघा. आणि कर्जात तुमचं नाव आहे म्हणून आयकरात व्याजाची वजावट मिळेल असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. ती स्वतःच्या, नवराबायकोच्या, मुलांच्या शिक्षणाला असते, किंवा ज्याचे आपण कायदेशीर पालक आहोत त्याच्या. भाऊ त्यात बसत नाही.

घरी येताजाता तो रेल्वेची विद्यार्थी सवलत घेतो का? मान्यताप्राप्त संस्था असेल तर त्यांच्याकडून फॉर्म भरून घ्यायचा, गावी यायला स्लीपरचं भाडं निम्मं होतं. वंदे भारतला ती नाही.

शहापूरची अक्का

काका, अंदाजात फी आणि हॉस्टेलच आहे. एजंटानं भरला होता. दोन हप्ते सुटायचेत, सोमवारी शाखेत जाते. रेल्वेचं तर त्याला ठाऊकच नव्हतं, तो रात्रीच्या खाजगी बसनं येतो! मला आपलं कर्नाटकच्या सरकारी बसमध्ये बायकांना तिकीट फुकट, पण ते कोगनोळीच्या, म्हणजे राज्याच्या हद्दीच्या, अलीकडंच.

बूमवाल्या दादा, एक राहिलं. स्वतःचा कॅमेरा घ्यायचा म्हणतोय, सेकंडहँड.

लग्नवाला, टिळकवाडी

नको. मी लग्नाचे व्हिडिओ करतो, तीन कॅमेरे आहेत, त्यातले दोन हप्त्यावर. शिकताना स्कूलचा कॅमेरा असतो, बाहेरच्या कामाला दिवसाच्या भाड्यानं मिळतो. आपल्या कोल्हापुरात मूकपटांच्या काळात बाबूराव पेंटरांनी कॅमेरा स्वतः बनवला, पण तेव्हा भाड्यानं द्यायला कोण बसलं होतं!

सुट्टीत लग्नसराई असेल तर पाठवा माझ्याकडं. दुसऱ्या कॅमेऱ्यावर उभा राहिला तर दिवसाचे पैसे देईन, एडिटिंगचे वेगळे. फक्त एक अट: अक्षता पडताना त्यानं नवरीच्या मामाच्या चेहऱ्यावर क्लोजअप लावून बसायचं नाही. फिल्म स्कूलवाला एक पोरगा गेल्या वर्षी बसला होता. हार घालतानाचा शॉटच नाही.

शहापूरची अक्का

सगळ्यांना धन्यवाद. काल त्याच्याशी तासभर बोलले, वही उघडी ठेवून. डिस्क एसएसडीच होत्या. "किरकोळ"मधले 1,700 एका फेस्टिव्हलची डॉलरमधली फी निघाली, आणि फिल्मचं एडिटिंग अजून व्हायचंय! मी काही बोलले नाही. तोच म्हणाला, "होय अक्का, चुकलं."

आता ठरलं असं की शूटिंगच्या आधी खर्चाचा कागद मला पाठवायचा, नंतर नाही. कपडे मी शिवणार, मापं पाठवलीत. पुढच्या फिल्मला स्कूलनं पाच जण आणि छोटा कॅमेरा बेळगावला न्यायला होकार दिलाय. आमच्या जुन्या घराच्या माजघरात करायचं म्हणतो. आजीला सांगितलं तर तिनं एवढंच विचारलं, की ती पोरं मटण खातात का.

अडचण एकच. माजघरातलं लाकडी कपाट सरकवल्याशिवाय कॅमेरा बसत नाही, आणि त्या कपाटाला आप्पा कुणाला हात लावू देत नाहीत. म्हणजे आता वही त्यांच्यापुढं ठेवावी लागणार.